अमेरिकी हायस्कूलचा गणिताचा क्रम: कोणती पायरी भक्कम, कोणती डळमळीत

अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कूलांत गणिताची शिडी या पाच पायऱ्यांची असते. आपल्याकडे दहावीला गणित भाग १ आणि भाग २, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, एकाच वर्षी चालतात. त्यामुळे अमेरिकेत मुलांना वाढवणाऱ्या मराठी पालकांना ही 'एका वर्षी एकच विषय' पद्धत सुटसुटीत वाटते. ती तशी आहेही. पण तिच्यात एक मोठी फट आहे. अल्जिब्रा १ जूनमध्ये संपतं, मध्ये जॉमेट्रीचं वर्ष जातं आणि अल्जिब्रा २ सुरू होतं ते पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. जवळजवळ पंधरा महिने मुलांच्या हातून अवयव पाडणं फारसं होतच नाही. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

क्रम म्हणून ही रचना चांगली आहे, हे आधी सांगायला हवं. एकच राशी घेऊन ती वर कशी चढत जाते ते पाहा: क्ष² − ६क्ष + १३. अल्जिब्रा १ मध्ये पूर्ण वर्ग करायला शिकवतात. −६ चं निम्मं −३, त्याचा वर्ग ९, म्हणून ही राशी (क्ष − ३)² + ४ होते आणि पॅराबोलाचा शिरोबिंदू (३, ४) लगेच दिसतो. जॉमेट्रीत हीच युक्ती वर्तुळासाठी लागते: क्ष² + य² − ६क्ष + ४य − १२ = ० हे समीकरण (क्ष − ३)² + (य + २)² = २५ असं लिहिलं की केंद्र (३, −२) आणि त्रिज्या ५ मिळते. अल्जिब्रा २ मध्ये पहिलीच राशी शून्याबरोबर मांडतात; (क्ष − ३)² = −४ येतं आणि उत्तर ३ ± २√(−१), म्हणजे संमिश्र संख्या. प्रीकॅल्क्युलसला लंबवर्तुळ आणि अपास्त याच पायरीने सुटतात. कॅल्क्युलसमध्ये १ भागिले क्ष² − ६क्ष + १३ याचं संकलन करायचं असतं, तेव्हा पुन्हा (क्ष − ३)² + ४ करूनच व्यस्त टॅन्जंटपर्यंत पोचता येतं. पाच वर्षं, एकच हातोटी. ज्या मुलाने ती पहिल्या वर्षी नुसती कृती म्हणून घोकली, त्याला प्रत्येक वर्षी तिथेच ठेच लागते.

सगळ्यात जड पायरी अल्जिब्रा २ आहे. कॅल्क्युलसच्या नावाचा दरारा मोठा असल्यामुळे घराघरांतली काळजी तिकडेच वळते, पण मुलं कोसळतात ती इथे. बहुपदींचा भागाकार, अपूर्णांकी घातांक, छेदात क्ष असलेल्या राशी, लॉगरिदम, श्रेढी, आणि शेवटी वेळ उरलाच तर युनिट सर्कल (त्रिकोणमितीतलं १ त्रिज्येचं वर्तुळ). अनेक शाळांत तो वेळ उरत नाही. त्रिकोणमिती मे महिन्यात घाईघाईने आटोपतात आणि प्रीकॅल्क्युलसचे शिक्षक 'ती झाली आहे' असं धरून पुढे जातात. एक चूक वेगवेगळ्या रूपांत परत परत दिसते: (क्ष + ३)² = क्ष² + ९, √(क्ष² + ९) = क्ष + ३, बेरजेचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज. कंसाबाहेरची क्रिया आतल्या प्रत्येक पदाला वाटून टाकायची ही सवय ३(क्ष + २) सोडवताना लागलेली असते. तिथे ती बरोबर असते, म्हणूनच ती सुटत नाही. नुसतं 'चूक' म्हणून खोडण्यापेक्षा क्ष = ४ घालून पाहायला लावा: √२५ म्हणजे ५, आणि ४ + ३ म्हणजे ७. एकदा स्वतः आकडे घालून पाहिलं की लक्षात राहतं.

हे कॅल्क्युलसमध्ये कसं बाहेर येतं ते जवळून बघण्यासारखं आहे. पहिल्या काही आठवड्यांतच १/क्ष चं विकलन व्याख्येवरून काढायला सांगतात. १/(क्ष + ह) − १/क्ष, आणि या सगळ्याला ह ने भागायचं. सीमेची कल्पना मुलाला समजलेली असते. तो अडतो छेद समान करताना. छेद क्ष(क्ष + ह), अंश क्ष − (क्ष + ह). इथे कंस विसरला की अंश +ह येतो आणि उत्तराचं चिन्ह उलटतं. कंस नीट सोडवला की −ह, मग ह छाटला जातो, आणि ह शून्याकडे गेल्यावर −१/क्ष² मिळतं. या संपूर्ण उदाहरणात कॅल्क्युलसची ओळ शेवटची एक. बाकीचं सगळं अल्जिब्रा २.

आता प्रवेशाचा प्रश्न. हिशोब सरळ आहे: नववीत अल्जिब्रा १ घेतलं तर बारावीला प्रीकॅल्क्युलस येतं आणि कॅल्क्युलस राहून जातं. बारावीला कॅल्क्युलस हवं तर आठवीत अल्जिब्रा १ लागतं, आणि त्यासाठी सहावी-सातवीत वेगवान वर्ग, म्हणजे निर्णय पाचवीच्या अखेरीस. नियम जागोजागी वेगळे आहेत. टेक्ससमध्ये २०२३ च्या कायद्यानुसार पाचवीच्या गणिताच्या राज्य परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत असलेल्या मुलांना सहावीत आपोआप प्रगत वर्गात घालतात. पालकांना नको असेल तर तसं कळवायचं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं अल्जिब्रा बंद केलं आणि २०२४ मध्ये शाळा मंडळाने ते परत आणण्याचा ठराव केला. म्हणून दुसऱ्या गावातल्या मावशीच्या मुलाचा अनुभव तुमच्या डिस्ट्रिक्टला (स्थानिक शाळा-विभागाला) लागू पडेलच असं नाही. शाळेच्या काउन्सेलरला (विषय निवडायला मदत करणाऱ्या मार्गदर्शकाला) तीन गोष्टी विचारा: निवड कशावर होते, फेरविचाराचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा, आणि आठवीतल्या अल्जिब्राचा ग्रेड हायस्कूलच्या जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) धरतात का. तिसरा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येतो.

आठवीची गाडी चुकली तर उन्हाळी सुट्टीत सहा आठवड्यांत जॉमेट्री उरकण्याचा पर्याय पुढे येतो. तो आम्ही सुचवणार नाही. जॉमेट्रीत सूत्रं थोडी आणि सिद्धता जास्त. सिद्धता डोक्यात मुरायला वेळ लागतो, आणि सहा आठवड्यांत मुलं 'बाकोबा' आणि 'बाबाबा' कुठे लावायचं एवढंच पाठ करतात. त्यापेक्षा दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ जोडीने घ्यावं. शाळेने परवानगी दिली तर ही वाट फार चांगली: वर्षही वाचतं आणि मघाची पंधरा महिन्यांची फटही बुजते. एखादा ऐच्छिक विषय सोडावा लागतो, ती किंमत परवडते.

प्रीकॅल्क्युलसची एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीची) आवृत्ती २०२३ च्या शरद सत्रात आली आणि तिची पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. अभ्यासक्रमात चार युनिट आहेत, परीक्षा फक्त पहिल्या तिनांवर होते. चौथ्यात पॅरामेट्रिक समीकरणं, सदिश आणि मॅट्रिक्स येतात आणि परीक्षेत नसल्याने बऱ्याच वर्गांत ते मागे पडतं. पुढे बीसी (एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन कोर्सांपैकी मोठा) घ्यायचं असेल तर हे युनिट शिकवतात का, ते आधी विचारून घ्या.

एबी की बीसी, यावर घरोघरी वाद झडतात. एबीत आठ युनिट, बीसीत दहा. बीसीत जास्तीचं म्हणजे मुख्यतः खंडशः संकलन, ऑयलरची पद्धत, पॅरामेट्रिक आणि ध्रुवीय वक्र, आणि अनंत श्रेढी. एकट्या श्रेढींना बीसीच्या परीक्षेत १७-१८ टक्के वजन आहे. बीसीच्या निकालात एबीचा वेगळा उपगुणही मिळतो, त्यामुळे श्रेढींत घसरलं तरी सगळंच हातचं जात नाही. परीक्षेची मांडणी दोन्हीकडे सारखी: ४५ बहुपर्यायी प्रश्न, त्यातले ३० कॅल्क्युलेटरविना; ६ लेखी प्रश्न, त्यातले ४ कॅल्क्युलेटरविना. डिजिटल एसएटीच्या (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) गणितात डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सोबत असतो, ७० मिनिटांत ४४ प्रश्न, आणि आलेख काढून छेदनबिंदूवर बोट ठेवलं की बरीच उत्तरं मिळतात. त्याची चटक लागलेलं मूल एपीच्या पहिल्या, कॅल्क्युलेटरविना साठ मिनिटांत हतबल होतं. दहावीपासूनच गृहपाठ आधी हाताने सोडवायचा आणि डेस्मॉसवर फक्त ताळा करायचा, अशी शिस्त लावावी. प्रीकॅल्क्युलस ऑनर्समध्ये (वरच्या पातळीच्या वर्गात) ए असेल तर थेट बीसी घ्यायला हरकत नाही. काठावरचा बी असेल तर एबीच घ्यावं.

एपी स्टॅटिस्टिक्सला अल्जिब्रा २ पुरतं. जीवशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्राकडे कल असलेल्या मुलांना तो विषय मनापासून घ्यावासा वाटतो आणि घ्यावाही. मात्र इंजिनीअरिंगकडे जायचं असेल तर तो कॅल्क्युलसच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नको. डेटा सायन्सबाबत जास्त जपून. कॅलिफोर्नियात यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) प्रवेश समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अल्जिब्रा २ वर न बेतलेले डेटा सायन्सचे कोर्स त्याच्या बदली चालणार नाहीत. यूसीला गणिताची किमान तीन वर्षं लागतात, चार असावीत अशी शिफारस आहे.

युटा आणि नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यांत पहिल्या तीन पायऱ्यांऐवजी मॅथ १, २, ३ असा एकत्रित क्रम आहे. त्यात बीजगणित आणि भूमिती दरवर्षी थोडी थोडी येतात. आपल्या पद्धतीशी हे जास्त जुळतं, आणि आमच्या मते शिकायला तेच बरं. अडचण येते ती बदली झाल्यावर. मॅथ २ संपवून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाची जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ दोन्ही अर्धवट झालेली असतात, आणि नवी शाळा नुसतं नाव बघून त्याला कुठेतरी बसवते. जुन्या शाळेतून ट्रान्सक्रिप्टबरोबर (गुणपत्रकाबरोबर) युनिटांची यादीही मागून घ्या आणि ती नव्या गणित विभागाच्या प्रमुखांसमोर ठेवा.

बारावीच्या आधीच बीसी संपलं तर पुढचं मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलस किंवा लिनियर अल्जिब्रा बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंटने (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजातही नाव घालून) घेता येतं. तिथे एका सत्रात हायस्कूलच्या वर्षभराइतका भाग होतो, आणि तिथला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो. नाव काढून घेण्याची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.