बर्फाने तडकलेल्या इंजिनाची जुनी बोट: खिंडसीवर आठ महिने वापरल्यानंतर

जुनी बोट बघायला गेलेला नागपूरचा माणूस फायबरवर टकटक करतो, ट्रेलरचे टायर दाबून बघतो, सीटचं रेक्झिन चाचपतो. सेल्फ मारल्यावर इंजिन चालू झालं की सौदा जवळजवळ पक्का. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा बिडाचा मुख्य सांगाडा, गोठून तडकला असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण इथे पाणी गोठत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये शहराचा पारा ३.५ अंशांवर आला होता, तीही थंडीची कमालच म्हणायची. पण आपल्याकडे विकायला येणारी बोट इथेच राहिलेली असते असं नाही. श्रीनगरकडे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’ चालतो, घरातले नळसुद्धा गोठतात. त्या थंडीत पाणी न काढता उभी ठेवलेली बोट पुढे कोरडी, रंगवलेली आणि चकचकीत होऊन वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाउनात उतरते. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

ही बोट तशीच. १८ फुटी फायबर, मर्क्रूझर ३.० पेट्रोल इंजिन, मागे अल्फा वन ड्राइव्ह, म्हणजे पंखा फिरवणारा पाण्यातला भाग. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर ऑक्टोबर ते मे, तासमीटरवर १३० तास. आधीच सांगतो: हल (बोटीचं धड), ड्राइव्ह आणि ट्रेलरचा भाव लावून इंजिन भंगारात धरलं, म्हणून सौदा परवडला. इंजिनाचा भाव लावला असता तर बुडालो असतो.

हा दोष इंजिन बनवणाऱ्याचा नाही. या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. तलावाचं पाणी ड्राइव्हमधून आत येतं, ब्लॉक आणि मॅनिफोल्डमधून (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव भागातून) फिरतं आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर जातं. बोट पाण्याबाहेर काढली तरी ब्लॉकमध्ये पाणी राहतंच. ते ड्रेन प्लग काढून सोडावं लागतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाला ताण सोसत नाही, ते तडकतं. पुष्कळदा मालकाने प्लग काढलेलाही असतो, पण भोकाशी गंजाचे पापुद्रे आणि गाळ बसलेला असल्याने थेंबही पडत नाही आणि ‘पाणी नाहीच’ असं समजून प्लग परत बसवला जातो. भोकात तार घालून ढोसलं की मग भळाभळा येतं. कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या, बर्फाने बाहेर पडतात आणि ब्लॉक वाचतो, अशी समजूत सगळीकडे आहे. त्या टोप्या ओतकामाची वाळू काढण्याच्या भोकांवर बसवलेल्या असतात. कधी निघतात, कधी टोपी जागेवर आणि शेजारी भेग.

आता तपासणी. सगळ्यात फसवी म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते गेजने बघणं. चारही सिलिंडर १४५ ते १५० पीएसआय दाखवतात आणि मेकॅनिक ‘एक नंबर इंजिन’ म्हणून मोकळा होतो. बर्फाची भेग बहुतेक वेळा पाण्याच्या जॅकेटच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या पाणी फिरण्याच्या पोकळीच्या, बाहेरच्या पातळ भिंतीला पडते. तिचा ज्वलनकक्षाशी संबंधच नसतो, म्हणून कॉम्प्रेशन उत्तम येतं. ही टेस्ट कराच, पण ब्लॉक शाबूत असल्याचा पुरावा म्हणून नव्हे.

पुरावा मिळतो प्रेशर टेस्टमध्ये. थर्मोस्टॅट हाउसिंगला जाणारे-येणारे होस काढा, ब्लॉकची तोंडं रबरी बुचं आणि क्लिपने बंद करा. एका बुचात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, सायकलच्या पंपाने १५ पीएसआय हवा भरा, गेज लावून १५ मिनिटं थांबा. काटा हलला तर ब्रशने साबणाचं पाणी फिरवा. बाहेर बुडबुडे आले तर भेग बाहेर आहे, दुरुस्तीची आशा आहे. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच बुडबुडा नाही, तर डिपस्टिकच्या नळीला आणि स्पार्क प्लगच्या भोकांना कान लावा. तिथे फुसफुस ऐकू आली तर उठून घरी जा. किंमत कितीही पाडून देत असले तरी.

मालक ही टेस्ट करू देत नसेल तर तेल तरी बघायचं, तेही इंजिन चालू करण्याआधी. डिपस्टिकच्या नळीतून पंपाची नळी थेट तळापर्यंत घालून वाटीभर तेल काढा. पाणी तेलाखाली बसलेलं असतं, ते आधी येतं. तेल दूध घातलेल्या चहासारखं असेल तर पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलंय आणि बेअरिंगही बघावी लागतील. नुकतंच बदललेलं सोनेरी तेल हीसुद्धा मला शंकेची खूण वाटते. जुन्या इंजिनात ब्लॉकची एकच बाजू ताज्या रंगाची, तीही. तिथे वायरब्रश मारा. इथे रंगाखाली आडवी, केसाएवढी, २२ सेंमी लांब भेग निघाली. नेमकी टोकं शोधायला डाय पेनिट्रंटचे स्प्रे लागतात (हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे मिळतात): लाल रंग मारा, दहा मिनिटांनी पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, लाल रेघ उमटते. नुसत्या डोळ्याला ती १७ सेंमीच दिसत होती.

मॅनिफोल्ड वेगळा तपासायचा. तो आतून फुटला तर पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण पाणी दबत नाही. इथला फुटला होता, नवीन टाकला. मॅनिफोल्डवर वेल्डिंगची कारागिरी करू नये. ड्राइव्ह वर उचलून ठेवली असेल तर तिच्यातही पाणी साचून गोठतं, म्हणून गिअर ऑइल दुधाळ आहे का ते बघायचं. इथे स्वच्छ निघालं.

दुरुस्तीबद्दल जरा सविस्तर, कारण चुका इथेच होतात. आधी इपॉक्सी लावून पाहिलं. ग्राइंडरने भेगेवर व्ही आकाराची खाच, टोकांना ३ मिमीची भोकं म्हणजे भेग पुढे सरकत नाही, ॲसिटोनने पुसून ६ मिमी थर, २४ तास वाळवण. पाण्याचा दाब कमी असल्याने हा जुगाड चालतो, आणि चालला, पण ३८ तासच. पाणी पाझरायला लागलं ते एका टोकापासून. बीड आणि इपॉक्सी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये दरवेळी तलावाचं गार पाणी शिरतं. थर कडेपासून सुटतो.

मग मेटल स्टिचिंग. भेगेवर ओळीने भोकं, त्यात आटे पाडून पिना, प्रत्येक पिन आधीच्या पिनेत थोडी घुसलेली, आणि भेगेला आडवे लॉक, म्हणजे दोन्ही बाजू धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. उष्णता लागत नाही हाच त्याचा मोठा गुण. निकेल रॉडने वेल्डिंगही होतं, पण त्यासाठी ब्लॉक पूर्ण उघडून २५०–३०० अंशांपर्यंत सारखा तापवायचा, २५ मिमीचेच टाके घालायचे, प्रत्येक टाका हातोडीने ठोकायचा आणि शेवटी राखेत किंवा चुन्यात हळूहळू निववायचा. ट्रॅक्टरचे ब्लॉक वेल्ड करणारे तरबेज हात विदर्भात आहेत, पण एवढा वेळ देणारा माणूस मिळाला नाही तर वेल्डिंगशेजारीच नवी भेग पडते. स्टिचिंगनंतर ९२ तास झालेत.

पाणी तेलात गेलेलं असेल तर एकदा तेल बदलून भागत नाही. साधारण ३.८ लिटर तेल आणि नवा फिल्टर, १०–१५ मिनिटं चालवून गरम असतानाच काढायचं, असं तीनदा, तेही एकाच दिवशी. रात्रभर तसंच ठेवलं तर बेअरिंगवर गंज धरतो. डिझेल टाकून धुण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

नागपुरातला रोजचा त्रास मात्र थंडीचा नाही, उन्हाचा आणि गाळाचा आहे. मार्चनंतर तलाव उतरतो, किनाऱ्याजवळ ड्राइव्ह गाळ ओढते आणि इम्पेलरची, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या पंपातल्या चक्राची, रबरी पाती झिजतात. उन्हात ट्रेलरवर महिनाभर उभी राहिली तर पाती वाकलेल्याच राहतात. वर्षाला एक इम्पेलर हा हिशेब इथे पुरत नाही, सहा महिन्यांनी बदलतो. पाण्याशिवाय इंजिन ‘दोन मिनिटं’ चालवून दाखवणाऱ्याला लगेच थांबवा, काही सेकंदांत इम्पेलर जातो. ‘कूलंट टाका ना साहेब’ असंही कुणी सांगेल. टाकणार कुठे? पाच मिनिटांत सगळं तलावात.

पंपावर मिळणारं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल या जुन्या कार्ब्युरेटर इंजिनासाठी नाही, इंजिनाची मर्यादा १० टक्के इथेनॉलची. टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल ते धरून तळाशी बसतं. दुसरा पर्याय नाही म्हणून तेच वापरतो, पण पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला, जुने रबरी होस बदलले आणि आठवड्यात संपेल एवढंच भरतो. सेल्फ मारण्याआधी ४ मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा. स्टार्टर किंवा अल्टरनेटर मोटारीचा स्वस्त मिळतो म्हणून लावू नका, त्याची ठिणगी बंदिस्त नसते आणि बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते.

कागदांचं थोडक्यात: इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली यांत्रिक बोटीला सर्व्हे आणि नोंदणी लागते. ब्लॉकवरचा नंबर कागदाशी जुळवा. तडकलेला ब्लॉक गुपचूप बदललेला असेल तर तो इथे उघडा पडतो.

मेच्या शेवटी परत १५ पीएसआय भरले, १५ मिनिटांत अर्ध्या पीएसआयपेक्षा कमी उतरलं. तेल स्वच्छ आहे. गार इंजिनात स्टार्टरकडच्या टोकाची शेवटून दुसरी पिन अजून एखादा थेंब सोडते, तापलं की बंद होते. तिच्याभोवती लाल मार्करने गोल काढून ठेवलाय आणि दर वेळी बोट पाण्यात सोडताना आधी तिथेच टॉर्च मारतो.