टाके घालायचे, हात बसवायचा: मुलाला धरायचं, गुंगी द्यायची की पूर्ण भूल?

दिवाळीचा किल्ला करताना दगडावर आपटून हनुवटी फुटलेली मुलं दरवर्षी आमच्या कॅज्युअल्टीत येतात. हात चिखलानं माखलेले, हनुवटीला ओढणीचा बोळा दाबलेला आणि मागून आजोबा म्हणत असतात, "दोनच टाके ना? मग धरा घट्ट. एवढ्याशा जिवाला भूल कशाला?" ही भीती मला कळते. पुण्यात बारा वर्षं सिस्टर म्हणून काम करतेय, तरी स्वतःच्या मुलाच्या वेळी माझेही हात गार पडले होते. त्या घडीला आईवडिलांना विचार करायला पाच मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून हे आधीच वाचून ठेवा.

आधी एक फरक मनात पक्का करा. झोप येणं वेगळं आणि दुखणं थांबणं वेगळं. काही औषधांनी मूल पेंगुळतं, पण वेदना तशीच राहते. काहींनी वेदना जाते आणि मूल टक्क जागं असतं. "गुंगीचं औषध देतो" असं कुणी म्हटलं, की विचारायचं, "आणि दुखू नये म्हणून काय देणार?"

फक्त लोकल देऊन

जखम लहान आणि मूल सात-आठ वर्षांचं, सांगितलेलं ऐकणारं असेल, तर तेवढीच जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन, म्हणजेच लोकल, पुरतं. उपाशी राहायला नको, थोड्या वेळात घरी. हे औषध आत जाताना झोंबतं. बारीक सुईनं, सावकाश, जखमेच्या आतल्या कडेतून दिलं, त्यात थोडं सोडाबायकार्ब मिसळलं, तर झोंबणं बरंच कमी होतं. हे मागायला संकोच करू नका. मूल आईच्या मांडीवर बसून, मोबाइल बघत टाके घालून घेऊ शकत असेल तर आडवं पाडायची गरज नाही. "अजिबात दुखणार नाही" असं मात्र सांगू नका. एक सुई टोचेल, मग जड वाटेल, असं खरं सांगितलं की मुलं जास्त सोसतात.

तीन वर्षांच्या पोराला चौघांनी दाबून धरणं मात्र मला पटत नाही. माझ्या मुलाला एका दवाखान्यात चादरीत गुंडाळून कपाळाला टाके घातले होते. काम दहा मिनिटांचं. पण पुढं वर्षभर लसीच्या दारातच तो माझ्या कडेवर चढून मान लपवायचा.

चीर सरळ, छोटी, स्वच्छ आणि फारशी न ताणणारी असेल तर टाक्यांऐवजी वैद्यकीय ग्लू चालतो का, हेही विचारा. पाच ते दहा दिवसांत तो आपोआप निघतो. त्यावर मलम लावायचं नाही. सांध्यावर किंवा चावल्याच्या जखमेवर तो चालत नाही. बधिर करणारं क्रीम अखंड कातडीसाठी असतं आणि त्याला साधारण तास लागतो; सलाईनची सुई लावण्याआधी उत्तम, फुटलेल्या हनुवटीला उपयोगाचं नाही.

नाकातला फवारा

मिडाझोलाम हे गुंगीचं औषध नाकात मारतात. सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांत मूल सैलावतं आणि नंतर त्याला फारसं आठवत नाही. नाकात चुरचुरतं, काही मुलं उलट जास्तच चिडतात. आणि याने वेदना थांबत नाही. सोबत लोकल हवंच. हात मोडून तळमळणाऱ्या मुलाला नुसतं हेच देणं म्हणजे अर्धं काम. अशा वेळी काही ठिकाणी फेंटानिल नाकातून देतात. ते वेदनेवरचं औषध आहे आणि सलाईन लागण्याआधीच काम सुरू करतं. तेही नसेल तर निदान आल्या आल्या वजनानुसार पॅरासिटामॉल द्यायला सांगा. एक्स-रेच्या रांगेत मूल दुखणं सोसत का बसावं?

केटामाइन

मनगट वाकडं झालंय आणि हाड बसवायचंय, किंवा लहान मुलाच्या चेहऱ्यावर मोठी जखम आहे, तिथं माझा कौल याला. झोप आणि वेदनाशमन दोन्ही देणारं हे औषध आहे आणि श्वास सहसा स्वतःचा चालू राहतो. शिरेतून दिलं तर मिनिटभरात चढतं, दहा-पंधरा मिनिटं काम करू देतं. पूर्ण भानावर यायला तास-दोन तास लागतात.

आईवडिलांना हादरवतं ते दृश्य आधी सांगते. मुलाचे डोळे उघडे राहतात आणि बुबुळं हलत असतात. सायकलवरून पडलेल्या एका मुलीचा हात डॉक्टर ओढून सरळ करत होते आणि ती छताकडे बघत होती. तिची आई ओरडली, "अहो, ती जागी आहे!" ती जागी नव्हती. तासाभरानं तिनं विचारलं, "प्लास्टर कधी घातलं?"

धोके आहेत. साधारण दहातल्या एकाला उलटी होते, लाळ सुटते, काही मुलं उठताना बरळतात. घशाचे स्नायू आवळून श्वास अडण्याचा प्रकार हजारात तीन-चार वेळा होतो, म्हणूनच श्वास सांभाळता येणारी माणसं शेजारी हवीत. तीन महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. सर्दी-खोकला चालू असेल तर आधी सांगा.

रस्त्यात रडू नये म्हणून केळं दिलं असेल तेही लपवू नका. तेवढ्यावरून गुंगीला नकार मिळतोच असं नाही. थांबायचं की लगेच करायचं, हे डॉक्टर इजा बघून ठरवतात.

कुत्रं चावलेल्या मुलांसाठी हे विशेष लक्षात ठेवा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतल्यावर, रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं. गालावर किंवा बोटावर ते फार दुखतं. तिथं गुंगी मागणं हा लाडावलेपणा नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल

कोपराचं हाड सरकून तारा घालायच्या असतील, शिरा किंवा स्नायूबंध तुटला असेल, तर हेच. भूलतज्ज्ञ असतात, खर्च आणि वेळ वाढतो. शक्य तिथं जेवणानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार आणि पाण्यानंतर दोन तास थांबतात. दोन टाक्यांसाठी एवढ्यापर्यंत जायला नको.

गुंगी कुठलीही असो, सही करण्याआधी दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब आहे का, खाटेजवळ ऑक्सिजन, लाळ-उलटी ओढून काढणारं सक्शन आणि श्वास देण्यासाठी मुलाच्या मापाचा मास्क-बॅग आहे का. आणि टाके घालणारा सोडून दुसरं कुणीतरी फक्त मुलाकडे बघत थांबणार आहे ना. थांबणार नसेल आणि जीवावरचं काही नसेल, तर मी मुलाला दुसरीकडे नेईन.

घरी सोडताना मूल ओळखीचं बोलतंय, पाणी पचतंय, नेहमीसारखं बसतंय एवढं बघा. आणि कृपा करून त्याला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. पेंगुळलेल्या मुलाची मान छातीवर पडली की श्वास दबतो. रिक्षा करा आणि एकानं वाटभर त्याची हनुवटी वर धरून ठेवा.