ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारा अलार्म
या सुरक्षा अलार्मची सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे प्रत्येक वारासाठी वेगळी वेळ ठरवून तो आपोआप सुरू करता येतो, म्हणजे पहाऱ्यावर ठेवता येतो. सुरू होण्यापूर्वी कीपॅड काही मिनिटे बीप देत राहतो, त्यामुळे आत उशिरापर्यंत काम करणाऱ्याला कोड टाकून ती वेळ पुढे ढकलता येते. ही पूर्वसूचना नसती, तर मी ही यंत्रणा कुणालाच सुचवली नसती. खिडकी उघडी राहिल्यास तेवढा झोन (त्या खिडकीवर लक्ष ठेवणारा भाग) वगळून बाकीची यंत्रणा सुरू होते, पण त्याची सूचना मोबाइलवर येण्यासाठी वेगळी सेटिंग करावी लागते, हे खटकते. आपोआप बंद होण्याची वेळ मी मुद्दाम दिलेली नाही, कारण त्या वेळी कुणी आलेले नसले तरी जागा असुरक्षित होते. वीज दीर्घकाळ गेल्यास पॅनेलचे (मुख्य नियंत्रण पेटीचे) घड्याळ तपासावे, कारण ठरवलेली वेळ त्यावरच चालते.