चोमेईजी साकुरामोची: सुमिदाकाठचा हानामी आणि सोबतचा ग्रीन टी

तोक्योच्या मुकोजिमा भागात, सुमिदा नदीच्या पूर्व काठाला लागून यामामोतोयाचं दुकान आहे. इथे एकच पदार्थ मिळतो, साकुरामोची, म्हणजे खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली मिठाई, तोही १७१७ पासून. शेजारच्या चोमेईजी मंदिराच्या दारवानाने बांधावरच्या चेरीच्या झाडांची पानं गोळा करून खारवली आणि त्यात गोड पदार्थ गुंडाळून विकायला सुरुवात केली, तिथपासूनची ही गादी. नावाजलेलं जुनं दुकान म्हटलं की चव जेमतेम आणि भाव मात्र इतिहासाचा, हा अनुभव जगभर येतो. इथे तसं नाही. ग्रीन टी घेऊन हानामीला, म्हणजे चेरीचा बहर बघायला, बसायचं असेल तर या साकुरामोचीइतकी जमणारी दुसरी मिठाई तोक्योत सापडणं अवघड आहे. फक्त चहा नीट हवा, आणि तिथेच बहुतेकांचं बिनसतं.

आधी मोची. इथली साकुरामोची पांढरी असते. गुलाबी रंग बघायची सवय असलेल्यांचा थोडा विरस होतो, पण रंग घालत नाहीत तेच बरं. मैद्याचं पातळ, मऊ आवरण तव्यावर भाजलेलं, आत गाळून गुळगुळीत केलेलं अझुकीचं, म्हणजे लाल चवळीसारख्या जपानी कडधान्याचं पुरण, आणि बाहेरून तीन पानं. एका मोचीला तीन पानं ही चैनच, इतर दुकानांत बहुधा एकावर भागवतात. या दुकानाचा १८२४ सालचा हिशेब नोंदलेला आहे: वर्षाला ७,७५,००० पानं, म्हणजे तेव्हाच्या दोन पानांप्रमाणे ३,८७,५०० मोची. क्योतो-ओसाकाकडची साकुरामोची वेगळी, तिचं आवरण वाफवलेल्या दाणेदार चिकट तांदळाचं. ती जास्त पोटभरीची, पण गारठली की घट्ट होते. मैद्याची बागेत बसून खायला सोपी.

पान खायचं की नाही, यावर जपानी माणसंही वाद घालतात. दुकानाचा सल्ला काढून खाण्याचा आहे, आणि तो बरोबर आहे. पातोळ्यांचं हळदीचं पान जसं वास देऊन बाजूला होतं, तसंच हे. तिन्ही पानं तोंडात गेली तर खारटपणा पुरणावर मात करतो आणि मधली शीर दाताखाली येते. पान चाखायचंच असेल तर सगळ्यात आतलं, मोचीला चिकटलेलं घ्या. ते मऊ असतं आणि त्याचं मीठ आवरणात उतरलेलं असतं. शीर काढून अर्धं पान एका घासाबरोबर, तेवढं पुरे.

हे पान ओशिमा जातीच्या चेरीचं, इझू द्वीपकल्पातल्या मात्सुझाकीहून येणारं. झाडावरच्या ताज्या पानाला हा वास नसतो. मिठात मुरताना पेशी फुटतात आणि कुमारिन हे सुगंधी द्रव्य मोकळं होतं, त्यातून तो गवत-व्हॅनिलासारखा गंध तयार होतो. गंध नाजूक आहे आणि कढत, कडू चहापुढे टिकत नाही, म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

दुकानात बसून खाल्लं तर मोचीसोबत चहा मिळतो आणि जोडी जमलेली असते. मात्र साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, ऐन दिवसांत आत जागा मिळेल असं धरून चालू नका. पुडा बांधून घ्यायचा आणि नदीकाठी जायचं, हेच बहुतेकांच्या नशिबी. मग चहाची सोय आपली आपण.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरून सेंचा, म्हणजे जपानचा रोजचा ग्रीन टी, करून थर्मासमध्ये भरणं. तासाभरात हिरवा रंग पिवळट-तपकिरी होतो, वास शिळा येतो आणि तुरटपणा वाढतो, कारण गरम राहिलेल्या चहात कॅटेचिनचं, म्हणजे चहातल्या तुरट द्रव्यांचं, ऑक्सिडीकरण चालूच राहतं. त्यापेक्षा थर्मासमध्ये नुसतं उकळतं पाणी न्या आणि पत्ती वेगळी, कोरड्या डबीत. दोघांसाठी ५ ग्रॅम सेंचा आणि २०० मिली पाणी. पाणी आधी कपांत ओता, मग कपांतून किटलीत. प्रत्येक ओतण्याला साधारण १० अंश उतरतात आणि पाणी ७५ अंशांच्या आसपास येतं. एक मिनिट थांबा, हलवू नका, आणि दोन्ही कपांत आळीपाळीने थोडं थोडं ओतत शेवटचा थेंबही निथळू द्या. किटलीत पाणी राहिलं तर दुसरी फेरी कडू झालीच म्हणून समजा. दुसऱ्या फेरीला पाणी थेट थर्मासमधून आणि १५ सेकंद पुरेत. मोचीसोबत खरं तर हीच फेरी जास्त चांगली लागते. पहिली नुसती प्यायला ठेवा.

पत्ती घेताना फुकामुशी, म्हणजे जास्त वेळ वाफवलेला सेंचा, शक्यतो टाळा. चव गोड असते, पण पत्तीचा भुगा झालेला असतो. प्रवासी किटलीची जाळी तुंबते आणि कपाच्या तळाशी गाळ बसतो. तोच असेल घरात, तर वेळ अर्ध्यावर आणा.

ऊन असेल तर याहून सोपी वाट आहे: एक लिटर पाण्यात १० ग्रॅम सेंचा टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळून घ्या. थंड पाण्यात कॅटेचिन आणि कॅफिन कमी उतरतं, गोडवा मात्र उतरतो. पत्ती बाटलीतच ठेवून निघालात तर दुपारपर्यंत कडू होतं. पण मार्चअखेरीस नदीवरचा वारा चांगलाच बोचरा असतो आणि संध्याकाळी गार चहा नको वाटतो. तेव्हा होजिचा. भाजलेली पत्ती असल्याने उकळतं पाणी चालतं आणि थर्मासमध्येही तो फारसा बिघडत नाही. पानाचा गंध त्याच्या खमंगपणात थोडा दबतो, एवढीच तडजोड.

माच्चा, म्हणजे पूड करून घुसळलेला ग्रीन टी, इथे नको. उत्तम पदार्थ, पण त्यापुढे या मोचीचं फक्त गोडपण उरतं, पान हरवतं. साकुराचा वास घातलेली चहापत्ती तर अजिबात नको. चहालाही तोच वास आणि मिठाईलाही, मग नाक दोन मिनिटांत थकतं. खारवलेल्या फुलांचं साकुरायु करायचं तर ते वेगळं, चहात न मिसळता. फुलावरचं मीठ धुवा, पाच-दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि एक फूल १२० मिली गरम पाण्यात सोडा. आणि काहीच जमलं नाही तर कोन्बिनीतली (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानातली) साखर नसलेली ग्रीन टीची बाटली घ्या, थंडीत केशरी टोपणाची, म्हणजे गरम. कामचलाऊ आहे, पण गोड लागणाऱ्या कुठल्याही चहापेक्षा कैक पटीने बरी.

बसायचं कुठे? दुकानाच्या बाजूच्या काठावर डोक्यावरून एक्स्प्रेसवे जातो. फुलं सुंदर, पण फोटोत काँक्रीट आणि कानात गाड्या. साकुराबाशी हा पादचारी पूल ओलांडून असाकुसाच्या बाजूला या. तिथून झाडांच्या मागे स्कायट्री हा उंच मनोरा दिसतो. चटई झाडाच्या मुळांवर अंथरू नका. माती दबली की मुळांना हवा मिळत नाही, आणि सोमेई-योशिनो ही इथल्या चेरीची जात त्या बाबतीत हळवी. तोक्योत साकुरा उमलल्याची घोषणा यासुकुनी मंदिरातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं दिसली की होते. त्यानंतर साधारण आठवड्याने बहर भरात येतो, तेव्हा घोषणेच्या दिवशीच धावत सुटायचं कारण नाही. शनिवार-रविवार सोडून सकाळी या. रांग कमी आणि मोची नुकतीच झालेली.

मोची त्याच दिवशी संपवायची असते, यात सूट नाही. फ्रिजमध्ये आवरण कडक होतं, बाहेर ठेवलं तर कडा सुकतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी पुडा बांधून घ्यायचा विचार सोडा. शाकाहारी मंडळींना मात्र इथे फार विचारपूस करावी लागत नाही: अझुकी, साखर, मैदा आणि पान. ज्यांना गोडात वैविध्य लागतं त्यांचा एकाच पदार्थाच्या या दुकानात हिरमोड होईल. त्यांनी जवळच्याच कोतोतोई दांगो या दुकानात जावं. तिथल्या तीन रंगांच्या गोळ्यांपैकी पिवळी, मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याच्या) सारणाची, सेंचासोबत छान जाते.

असाकुसा स्टेशनहून नदीकाठाने चालत वीसेक मिनिटं लागतात. सुट्टीचे वार आधी पाहून घ्या, रोख येन जवळ ठेवा, आणि कचऱ्यासाठी पिशवी न्या: उतरवलेली पानं आणि चहाचा चोथा दोन्ही ओले असतात, कागदी पिशवी टिकत नाही.