स्टील कट ओट्स: पातेलं, कुकर की डबा?

पुडा घरात येऊन पडला आहे आणि आता तो शिजवायचा कसा एवढाच प्रश्न उरला आहे, अशांसाठी हे लिहितोय. ओट्स खावेत की नाही, त्यात काय काय असतं, हे पुड्याच्या पाठीवर वाचलंच असेल. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्या. हे पोहे नाहीत, कण्या आहेत. नेहमीचे चपटे ओट्स वाफवून दाबलेले असतात, म्हणून गरम दूध ओतलं की मऊ पडतात. हे म्हणजे अख्ख्या दाण्याचे पात्याने केलेले दोन-तीन तुकडे. मुलीने दिवाळीला पुण्याहून पुडा आणला तेव्हा मला हा फरक ठाऊक नव्हता. उकळतं दूध ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलं आणि मग अर्धा तास भिजलेली बारीक खडी चावत बसलो.

दुसरी चूक मापाची. पोह्यांच्या हिशेबाने वाटी भरून घेतली, तर चार माणसांचं झालं. एका माणसाला 40 ग्रॅम, म्हणजे मोठे चार चमचे, पुरतात. नंतर ते चांगलेच फुगतात.

सगळ्यात चांगलं काय लागतं असं विचाराल, तर उघड्या पातेल्यातलं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चमचाभर तुपात दोन-तीन मिनिटं परतायचं, रवा भाजताना येतो तसा खमंग वास आला की चौपट उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, आणि मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. दूध घालायचं तर शेवटच्या दहा मिनिटांत, आधी घातलं तर हमखास खाली लागतं. दाणा बाहेरून लुसलुशीत होतो, आत मात्र दाताला थोडा लागतो, आणि भोवतीचं पाणी आपोआप दाटसर होतं. स्कॉटलंडमध्ये कारब्रिज नावाच्या गावात 1994 पासून ओट्सची लापशी शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते. बक्षीस म्हणून ढवळायचा सोनेरी दांडा देतात. मुख्य गटात ओट्स, पाणी आणि मीठ एवढ्यावरच भागवायचं असतं. तीन जिनसांवर जगज्जेता ठरत असेल तर कसब सगळं ढवळण्यातच असणार.

पण स्कॉटलंडमध्ये ढवळणं वेगळं आणि जळगावात मे महिन्यात ढवळणं वेगळं. पारा 44-45 वर असतो, सकाळी सातलाच स्वयंपाकघराच्या भिंती तापलेल्या असतात, आणि पंखा लावला तर गॅसची ज्योत फडफडते. तरी घामाचं मी सहन केलं असतं. माझं घोडं अडलं ते शेगडीपाशी. आमच्याकडे दोन बर्नर. सकाळी साडेसहा ते साडेसात एकावर पोळ्या, दुसऱ्यावर डब्याची भाजी, ती उतरली की लगेच वरणाचा कुकर. या तासाभरात माझं पातेलं अर्धा तास मधे ठाण मांडून बसायचं. पहिल्या आठवड्यात बायको काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात माझं पातेलं न विचारता खाली उतरलेलं असायचं, अर्धकच्चं. बोलणी खाल्ली असती तर उत्तर तरी देता आलं असतं. त्या उतरलेल्या पातेल्याला काय उत्तर देणार? घरात तीन बर्नर असतील किंवा तुम्ही एकटेच राहत असाल, तर पातेल्यावरच थांबा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

कुकरमध्ये थेट शिजवणं हा त्यावरचा सरळ उपाय वाटतो. वेळ निम्म्यावर येतो हे खरं. पण ओट्सच्या पिठाळ, चिकट पाण्याचा फेस सहज बसत नाही, तो वर चढत राहतो. पहिल्या शिट्टीलाच कुकरने पांढरी पिचकारी मारली, ती थेट ओट्यामागच्या फरशीवर. पुसून होईल, पण तोच चीक शिट्टीच्या नळीत सुकून बसतो, आणि तिथे चेष्टा नको, कारण वाफेची वाट बंद झाली की पुढचं काम सेफ्टी व्हॉल्व्हवर येतं. मी दर खेपेला नळी सुईने साफ करायचो. कुकर एक तृतीयांशाहून जास्त न भरणं, चमचाभर तूप घालणं, आच मंद ठेवणं, एवढं पाळलं तर फेस बराच कमी होतो. काहींच्या घरी हे व्यवस्थित जमतं असं ऐकतो. मला दहापैकी सहा-सात वेळा जमलं असेल, आणि सकाळच्या घाईत तेवढं मला पुरत नाही.

रात्री उकळी आणून झाकून ठेवायचे आणि सकाळी नुसते गरम करायचे, ही रीत परदेशी पाककृतींत फार लोकप्रिय आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडेही निभते, तेव्हा इथली रात्र खरोखर गार असते. एप्रिलनंतर मात्र हा विचारही करू नका. मध्यरात्रीही ओटा कोमट असतो अशा घरात शिजवलेलं धान्य आठ तास झाकून ठेवणं म्हणजे ते आंबवायला ठेवणं. एकदा सकाळी झाकण काढलं आणि वासानेच कळलं. उन्हाळ्यात भिजवायचे तर कच्चेच, पाण्यात, आणि फ्रिजमध्ये. रात्रभर भिजलेले ओट्स सकाळी दहा-बारा मिनिटांत शिजतात, म्हणजे शेगडी अडते पण निम्म्याहून कमी. फक्त रात्री झोपताना आठवण राहायला हवी. माझी नाही राहत.

थर्मासचं एका वाक्यात सांगतो: रुंद तोंडाचा असेल, आधी गरम पाण्याने विसळून घेतला असेल आणि ओट्स आधी दोन-चार मिनिटं उकळून भरले असतील तर छान शिजतात, पण धुताना हात आत जात नसेल तर चार दिवसांत तुम्ही त्याला कंटाळाल.

आता डबा. ही काही शोध लावण्याची गोष्ट नव्हे, आपल्या आया वरण-भात असाच लावत आल्या. मला सुचायला मात्र दोन महिने लागले. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पाणी, खालच्या डब्यात तुरीची डाळ, वरच्या डब्यात परतलेले ओट्स, तिप्पट पाणी आणि थोडं मीठ. डाळीसाठी होतात त्या चार-पाच शिट्ट्या, आणि मग वाफ आपोआप जिरेपर्यंत हात लावायचा नाही. एवढंच. शेगडी माझ्यासाठी वेगळी अडत नाही, ढवळायचं काही नाही, आणि फेस डब्यातल्या डब्यात राहतो, नळीपर्यंत पोचत नाही.

अट एकच, डबा निम्म्याच्या खालीच भरायचा. एकदा पाहुणे होते म्हणून मी काठोकाठ लावला. वरचा डबा उतू जाऊन खालच्या डाळीत मुरला. जेवताना वडिलांनी वरणाचा भुरका मारला आणि विचारलं, "आज वरणाला काय लावलंय? घट्ट झालंय, पण चांगलं लागतंय." मी मान खाली घालून भात कालवला.

चवीत पातेल्यापेक्षा डबा थोडा उणा पडतो हे कबूल करतो. दाणे जरा जास्त मऊ होतात, वर पाण्याचा पातळ थर आणि खाली गच्च, असं दिसतं. डावाने ढवळून दोन मिनिटं झाकून ठेवलं की बरंचसं जुळून येतं. आधी परतायचं टाळलं तर मात्र चव पार सपाट. तेवढी दोन मिनिटं बायको मला देते.

खायचं कसं, यावर घरात तट आहेत. मुलगी गोडाची. गरम ओट्सवर दूध, गूळ आणि केळं. रावेर-यावलची केळी दारात असताना बाहेरची सुकी फळं कशाला आणायची, हे तिचं म्हणणं मला पटतं. केळं साल काळपट पडायला लागलेलं घ्या, मग गूळ निम्मा पुरतो. गूळ मात्र ताटलीत, दूध थोडं निवल्यावर. उकळत्या दुधात घातलात तर दूध फाटण्याची भीती.

दुसरी तऱ्हा फोडणीची. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, भरपूर कोथिंबीर, वर लिंबू. उपमा आणि खिचडी यांच्या मधलं काहीतरी होतं. पाहुण्यांना हीच द्यावी, कुणी नाक मुरडत नाही.

मी स्वतः तिसऱ्या तऱ्हेने खातो. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायच्या दिवशी त्यांचा घाटा, म्हणजे ज्वारीचा घट्ट शिजवलेला लगदा, तयार होतो, आणि पापड घालायच्या आधीच पोरं ताटल्या घेऊन भोवती बसतात, हे खान्देशात वाढलेल्यांना सांगायला नको. तसंच. गरम ओट्सला मधे खळगा करायचा, त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल, बाजूला लसणाची लाल चटणी, हवं तर कांदा. आईचं माहेर पारोळ्याकडचं. तिने या पुड्याला दोन महिने हात लावला नव्हता. एके दिवशी माझ्या ताटलीतला घास घेतला आणि म्हणाली, "हाई ते घाटाना मायक लागस," म्हणजे हे तर घाट्यासारखं लागतं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात चार चमचे जास्त पडू लागले.

मग घाटा किंवा ज्वारीच्या कण्याच का खाऊ नयेत, असं कुणी विचारेल तर माझ्याकडे मोठं उत्तर नाही. दादर ज्वारीच्या कण्या स्वस्त पडतात आणि डब्यात अशाच शिजतात. ओट्सचा बुळबुळीत दाटपणा त्यांना येत नाही, आणि मला तो आवडायला लागलाय, इतकंच. आठवड्यात चार दिवस ओट्स, दोन दिवस कण्या, रविवारी पोहे.

उन्हाळ्यासाठी अजून एक. शिजवून थंड केलेले ओट्स ताकात कालवून, वर मोहरी-हिंगाची फोडणी दिली की दहीभाताची आठवण येते. फक्त शिजवलेले फार वेळ बाहेर राहू देऊ नका.

आणि पहिला पुडा लहानच घ्या. ओट्समध्ये तेलाचा अंश असतो, आपल्या उन्हाळ्यात फोडलेला पुडा कपाटात राहिला की खवट होतो, किडेही लवकर लागतात. आमचा आता फ्रिजच्या दारात, मिरच्यांच्या पिशवीशेजारी असतो.