कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला रविवारचा निकालवाचन वर्ग: एका टायपिस्टचा अभिप्राय

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाबाहेर मी टायपिंग करते, त्याला एकोणीस वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, कैफियती, वटमुखत्यारपत्रं. 'सबब विनंती की' एवढं तर बोटं आपोआप उमटवतात. पण एखादा निकाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी कधी वाचला नव्हता. पक्षकाराला शेवटचं पान हवं असतं, मीही तेवढंच बघायचे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि गावात सगळ्यांच्याच तोंडी कायदा आला. तेव्हाच एका वकीलबाईंनी या वर्गाचं सांगितलं. कायद्याचे एक निवृत्त प्राध्यापक आपल्या घराच्या माडीवर दर रविवारी साडेआठ ते साडेदहा निकाल वाचून घेतात. सहा रविवार, एक विषय, ३०० रुपये, झेरॉक्स त्यातच. आमच्या खेपेचा विषय होता आरक्षण.

मी गेले ती भाच्यासाठी. तो निवड यादीत होता. ९ सप्टेंबर २०२० ला मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, त्याची नेमणूक लटकली आणि ५ मे २०२१ ला कायदाच रद्द झाला. घरात दोन वर्षं त्यावरून भांडणं झाली. 'रद्द' या एका शब्दापलीकडे मात्र आमच्यापैकी कुणालाच काही माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी सरांनी दिल्लीचा निकाल काढलाच नाही. हातात दिला एक कागद, शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भराव्यात. हे दरवर्षी जयंतीच्या भाषणात ऐकतो. सरांनी पुढचं वाक्य वाचायला लावलं: ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण आज पन्नासच्या खाली आहे, तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतून करावी. आज सर्वोच्च न्यायालय आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नये म्हणतं, हे सांगून त्यांनी फळ्यावर पन्नासची एक आडवी रेघ ओढली आणि विचारलं, "महाराजांचं पन्नास या रेघेच्या वर जायला सांगतंय की खाली राहायला?"

मागच्या बाकावरचे रिक्षावाले मामा म्हणाले, "वर जायला सांगतंय की ओ सर. कोर्टाचं पन्नास वरनं दाबतंय, महाराजांचं खालनं उचलतंय."

सर नुसते हसले आणि दुसरा कागद वाटला. १९६२ चा बालाजी खटला. म्हैसूर सरकारने ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या, त्या न्यायालयाने रद्द केल्या, आणि साधारणपणे आरक्षण पन्नासच्या आत असावं असं म्हटलं. 'साधारणपणे' या शब्दाखाली आम्हाला पेन्सिलने रेघ मारायला लावली. १९९२ च्या इंद्रा साहनी (मंडल) निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोर त्याच 'साधारणपणे'चा नियम झाला, अपवाद फक्त असाधारण परिस्थितीचा. एका शब्दाने तीस वर्षांत आपली जागा कशी बदलली, हे त्या दिवशी मी समोर बघितलं. रोज टाईप करताना 'सदर'च्या जागी 'सदरहू' पडलं तर मी बॅकस्पेस मारते. इथे एका शब्दावर लाखो पोरांचं पोटपाणी उभं आहे.

तिसऱ्या रविवारी मराठा आरक्षणाचा २०२१ चा निकाल आला. पाच न्यायाधीश. आमच्या घरी समज होता की पाचही जण सगळ्यावर एकमताने विरोधात गेले. तसं नाही. पन्नासची मर्यादा ओलांडण्याइतकी असाधारण परिस्थिती नाही, यावर पाचही जण एक होते. पण १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्याकडे उरला का, यावर तिघं एका बाजूला आणि दोघं दुसऱ्या बाजूला. तिघांचं मत होतं की उरला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने १०५ वी दुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. म्हणजे ज्या मुद्द्यावर न्यायाधीश फुटले तो संसदेने सोडवला, आणि ज्यावर एकमत होतं तो अजून तसाच उभा. हे मी घरी जाऊन जेवताना सांगितलं. भाचा ताट बाजूला सारून पुन्हा सांग म्हणाला.

वर्गाचा खरा कस पुढच्या दोन रविवारी लागला. सर अभ्यासकांचे लेख आणतात, पण एका बाजूचा लेख कधीच एकटा आणत नाहीत. पन्नासच्या बाजूने लिहिणारे बाबासाहेबांचं ३० नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण दाखवतात, त्यात राखीव जागा थोड्याच असाव्यात असा आशय आहे. दुसऱ्या बाजूचे १९७५ चा थॉमस खटला काढतात: आरक्षण हा समानतेला अपवाद नाही, समानतेचंच ते एक अंग आहे, मग अपवादासारखी त्यावर टक्क्यांची कात्री कशाला? मूळ राज्यघटनेत पन्नास हा आकडा नाही. तो २००० सालच्या ८१ व्या दुरुस्तीने कलम १६ (४ब) मध्ये आला, तोही मागच्या वर्षीच्या न भरलेल्या जागा त्या हिशेबात धरू नयेत हे सांगायला. आणि २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण तीन विरुद्ध दोन मतांनी टिकलं, तेव्हा बहुमताने सांगितलं की ही मर्यादा ताठ नाही. दोन्ही लेख वाचून झाले की ज्याचं जे मत, त्याने उलट बाजू उभं राहून मांडायची. मला पन्नासच्या बाजूने बोलावं लागलं. पहिली दोन मिनिटं शब्द फुटेना. मग निकालातलाच मुद्दा धरला: दर वेळी सरकारने मर्यादा वाढवली, तर खुल्या जागांवर हक्क सांगणाऱ्या गरीब पोराने कुठं जायचं? बोलून बसले तेव्हा हात थरथरत होते. पण त्या बाजूचं म्हणणं मला पहिल्यांदाच नीट कळलं होतं.

आता उणिवा. लेख इंग्रजीत असतात आणि झेरॉक्स इतकी बारीक की माझ्यासारखीला भिंग लागतं. सर मराठीत उलगडून सांगतात, पण शेवटच्या अर्ध्या तासात घाई होते. निम्म्या लेखांचा तरी एकेका पानाचा मराठी गोषवारा द्यायला हवा. टायपिंग मी फुकट करून देते असं सांगितलंय. दुसरं म्हणजे मागासवर्ग आयोगांचे अहवाल आम्ही उघडलेच नाहीत. न्यायालय आकडेवारी तपासतं तर आपणही ती बघायला पाहिजे, निदान दोन तक्ते. फेब्रुवारी २०२४ च्या मराठा आरक्षणाच्या १० टक्क्यांच्या कायद्यापर्यंतही पोचलो नाही, आणि भाच्याच्या वयाच्या पोरांना नेमकं तेच हवं असतं. माडीचा जिना उभा आहे, डाव्या बाजूला कठडा नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी फोन करावा, खालच्या खोलीत बसायची सोय होते.

वकिली शिकणाऱ्यांनी जावंच, पण स्पर्धा परीक्षावाले, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, माझ्यासारखे कोर्टाच्या दारातले लोक यांनी तर नक्कीच. कायद्याची पार्श्वभूमी नसली तरी चालते. रिक्षावाले मामा सातवी शिकलेत आणि वर्गात सगळ्यात चांगला प्रश्न त्यांचाच असतो. मोबाईल बंद ठेवावा लागतो. वही आणि पेन्सिल आपली न्यायची. सकाळी लवकर गेलात तर खिडकीजवळची जागा मिळते, तिथं उजेड बरा आहे.

पुढच्या खेपेला १ ऑगस्ट २०२४ चा दविंदर सिंग निकाल आहे, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा, म्हणजे त्यांच्यात आरक्षणासाठी पोटगट पाडण्याचा, सात न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला आणि एक विरोधात. त्या एकट्याचं मत आधी वाचायचं असं सरांनी सांगून ठेवलंय. मी दोन जागांचे पैसे भरलेत, एक माझी आणि एक भाच्याची.