सोंग-कुलची तीन दिवसांची घोडेस्वारी: सेवा चांगली, पण अर्धी तयारी घरूनच करून जा

किर्गिझस्तानातल्या सोंग-कुल सरोवराच्या घोड्यावरच्या सफरी गावातले लोकच चालवतात. राजधानी बिश्केकहून कोचकोर हे छोटं शहर, तिथून गाडीने किझार्त गाव आणि तिथे घोड्यावर मांड. पहिला मुक्काम किलेमचेच्या कुरणात, दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून ३०१६ मीटरवरचं तळं, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खिंडीतून परत. रोज चार ते सहा तास खोगिरावर काढावे लागतात. वाटाड्या, घोडा, यर्टमधला, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूतला मुक्काम आणि जेवण असं सगळं मिळतं. मोबाइलला रेंज जवळजवळ नसतेच.

या सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे घोडे. लहान चणीचे, पायाला पक्के, दगडधोंड्यांच्या उतारावर आपली वाट आपणच शोधणारे. लगाम एका हातात धरायचा, हात वळायच्या बाजूला न्यायचा म्हणजे विरुद्ध बाजूचा लगाम मानेला टेकतो, आणि निघायला ‘चू’ म्हणायचं. लगाम मनगटाला कधीही गुंडाळू नका. घोडा बिथरला तर माणूस फरपटत जातो.

कमी पडतं ते खोगीर. चौकट कडक असते आणि वर जाड गाद्या टाकलेल्या असतात. पाय ठेवायच्या रिकिबी बहुतेकदा आखूड बांधलेल्या असतात आणि नव्या स्वाराच्या गुडघेदुखीचं हेच मुख्य कारण आहे. चढण्याआधी बोटांची टोकं खोगिराच्या ज्या कडीला रिकीब अडकवलेली असते तिथे टेकवा, हात सरळ ठेवा आणि रिकीब बगलेपर्यंत येते का पाहा. येत नसेल तर वाटाड्याला पट्टा सैल करायला सांगा. तो स्वतःहून क्वचितच करतो, पण सांगितलं की लगेच करतो. तंगही, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला पट्टाही, पुन्हा तपासायला लावा. कसताना घोडा पोट फुगवतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी तंग सैल पडतो आणि चढावर खोगीर मागे सरकतं. खिंड उतरण्याआधी परत एकदा पाहावं, कारण तेव्हा ते मानेकडे येतं आणि घोड्याची पाठ लागते.

हेल्मेट मिळेल असं गृहीत धरू नका, घोडेस्वारीचंच घरून न्या. सायकलचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही. बूट लहान टाचेचे आणि सपाट तळाचे हवेत. जाड खाचांचे ट्रेकिंगचे बूट रिकिबीत अडकतात, आणि पडताना पाय अडकणं हा घोडेस्वारीतला मोठा धोका. आत बिनशिवणीची सायकलिंगची चड्डी, वर सैल पँट, आणि मांड्यांना सकाळीच व्हॅसलीन. कातडी सोलवटल्यावर लावून फारसा उपयोग नाही. पावसासाठी जॅकेटच घ्या. पोंचो वाऱ्यावर फडफडला की शांत घोडाही उधळतो. प्लॅस्टिकची पिशवी खिशातून खडखडवत काढली तरी तेच.

सामान खुर्जीत, म्हणजे घोड्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशवीत जातं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं असावं आणि प्रत्येक वस्तू पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावी, कारण ओढे ओलांडताना पाणी उडतं. पाठीवर पाणी आणि औषधं एवढंच. जड सॅक दुडक्या चालीत मणक्यावर आदळत राहते.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचा विचार आधीच करावा. पाव, जॅम, साय आणि चहा भरपूर मिळतो; रात्री मात्र शोर्पो (मांसाचं सूप), लगमान (मांस घातलेले नूडल्स) किंवा पुलाव. मांसाचे तुकडे काढून दिले तरी रस्सा मांसाचाच असतो. ‘मेन एत जेबेयम’, म्हणजे मी मांस खात नाही, हे बुकिंग करतानाच सांगा आणि यर्टवर पोचल्यावर पुन्हा सांगा. बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तयार उपम्याची पाकिटं ठेवा. या उंचीवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ झाकून ठेवावं लागतं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा, म्हणजे कुमिस, आग्रहाने पुढे येतो. सवय नसलेल्या पोटाला एक-दोन घोट पुरेत.

उंचीची काळजी घ्या. कोचकोर साधारण १८०० मीटरवर आहे, तिथे एक रात्र काढून मग वर जावं. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असल्यास हे आवर्जून सांगून. प्रवासविम्यात घोडेस्वारी आणि ३००० मीटरवरचा बचाव दोन्ही धरलेत का, ते लेखी पाहा. पुष्कळ पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.

बिल मागताना प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा: घोडा, वाटाड्या, वाटाड्याचा घोडा, मुक्काम, जेवण, किझार्तपर्यंतची गाडी. वाटाड्याच्या घोड्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. तीन-चार जणांत हा खर्च वाटला तर माणशी बराच कमी पडतो. पैसे कोचकोरमध्येच काढून घ्या, वर फक्त रोख सोम, म्हणजे तिथलं चलन, चालतात.

ही सफर कुणी करावी? ज्याला एक तास न थांबता दुडकी चाल झेपते, त्याने बिनधास्त. माथेरानला कुणीतरी लगाम धरून फिरवलेली फेरी ही तयारी नव्हे. निघण्याआधी दोन महिने एखाद्या रायडिंग क्लबमध्ये आठवड्यातून दोनदा बसा आणि रोज बैठका मारा. खिंडीच्या उतारावर मांड्यांचीच कसोटी लागते.

हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैतही रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, कधी बर्फही पडतं, त्यामुळे थर्मल आणि लोकरी टोपी हवीच. सप्टेंबर संपत आला की मेंढपाळ यर्ट उकलून खाली उतरतात. त्यानंतरच्या तारखा कुणी देऊ केल्या, तर मुक्कामाचा यर्ट नेमका कुठे उभा असेल हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.